विजू, अण्णांनी काल एक अक्षर लिहिलं

विजू,

अण्णांनी काल डाव्या हाताने "वि" लिहिलं आणि तेव्हापासून घरात भांडण चालू आहे. फोन न करता लिहायला बसलेय कारण फोनवर तू मधे मधे बोलणार, मीही बोलणार आणि जे सांगायचंय ते तसंच राहणार. शिवाय बाहेरच्या खोलीत आई आहे, तिच्यासमोर हे बोलता येत नाही.

आधी तब्येतीचं उरकते. बीपी ताब्यात आहे, गोळ्या चालू, उजवा पाय सुधारलाय, काठी घेऊन बाथरूमपर्यंत जातात, उजवा हात अजून तसाच. माझी मान ठीक. झालं.

तर "वि". थेरपिस्टनी सांगितलं म्हणून दुरेघी वही आणलीय, तीच आपल्या वेळची, आणि रोज सकाळी ते डाव्या हाताने गिरवतात. काल पानभर रेघोट्या झाल्यावर, कुणी काही सांगितलेलं नसताना, खाली कोपऱ्यात त्यांनी व काढला. दांडा थरथरत रेघेच्या खाली गेला. मग पेन उचललं, बराच वेळ हवेतच धरलं, आणि डाव्या बाजूला वेलांटी दिली. आणि पेन ठेवून दिलं. पुढे काही नाही.

दादा म्हणतो "विका", म्हणजे घर विका, कारण तो कधीपासून त्याच विषयावर आहे. आई म्हणते "विश्रांती", म्हणजे ही वहीबिही बंद करा, माणसाला छळू नका. वहिनी म्हणाली वीजबिल असेल, त्यावर मी म्हटलं वहिनी, ही पहिली वेलांटी आहे, अण्णांचं काहीही होवो, ते वीज पहिली लिहिणार नाहीत. यावर मात्र सगळ्यांचं एकमत झालं, आईसुद्धा हसली. आयुष्यभर प्रुफं तपासलेला माणूस तो. आणि मला वाटतं ते "विजू" आहे.

तू म्हणशील तुला तसं वाटायचंच. खरंय, या घरात ज्याला जे हवंय तेच त्या एका अक्षरात दिसतंय, मलाही. पण माझ्याकडे कारण आहे, ते सांगते, आधी बाकीचं ऐक.

मी त्यांच्यासमोर बसून एकेक विचारलं. अण्णा, घर विकायचं? हो. दमलात, बंद करू? हो. विजू? हो. तिन्हीला हो. आता हे तुला समजायला हवं म्हणून सांगते, अफेजियात, म्हणजे अण्णांसारखं मेंदूला इजा होऊन बोलणं अडतं त्यात, हो आणि नाही यांचीच बरेचदा अदलाबदल होते, मनात नाही असतं आणि तोंडातून हो निघतं, आणि निघालेलं चुकीचं आहे हे त्यांना कळतंसुद्धा, म्हणून मग ते डोळे मिटून मान झटकतात. "विजू" ला मान झटकली नाही. टेबलावर हात आपटला. रागाने की आनंदाने हे मला सांगता येत नाही, आणि इथेच माझी झोप उडालीय.

काळजी नुसती "वि"ची नाही गं. काळजी ही की आम्ही सगळे मिळून अण्णांच्या जागी बोलायला लागलोय. ते "प..." म्हणतात तोवर आईने पाण्याचा ग्लास समोर धरलेला असतो. कदाचित पेपर हवा असेल, कदाचित पडदा ओढायचा असेल, पण पाणी आलं की ते पितात, आणि आई म्हणते बघ, मला बरोबर कळतं. प्रेमानेच करते ती, तिच्याएवढं त्यांच्यासाठी कुणी करत नाही, म्हणून तिला काही बोलवत नाही मला. पण असं दिवसभर चाललं की संध्याकाळपर्यंत ते बोलायचा प्रयत्नच सोडून देतात आणि खिडकीकडे तोंड करून बसतात. आणि हा माणूस कोण, तर ज्याच्या तोंडाला लागू नये म्हणून तू मागच्या दाराने यायचीस!

डॉक्टरांनी समजावलं ते असं, बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते आणि उजवा हातही डावीकडूनच चालतो, त्यामुळे तिथला रक्तपुरवठा बंद पडला की बोलणं आणि लिहिता हात दोन्ही एकदम जातं. समजणं मात्र त्यांचं बरंच शाबूत आहे. मी रात्री वाचत बसले तर या सगळ्याची सुरुवात जिथून झाली तो माणूस सापडला. पॅरिसजवळ बिसेत्र नावाच्या रुग्णालयात लबोर्न नावाचा रोगी होता, २१ वर्षं तिथे होता, त्याला फक्त "तान" एवढंच म्हणता यायचं, म्हणून सगळे त्याला तानच म्हणायचे. तो १८६१ मध्ये गेला आणि पॉल ब्रोका या सर्जनने त्याचा मेंदू उघडून पाहिला, डावीकडे पुढच्या भागात बिघाड दिसला, आणि तिथून बोलण्याची जागा मेंदूत कुठे असते याचा अभ्यास सुरू झाला. तो मेंदू अजून पॅरिसमध्ये जपून ठेवलाय आणि २००७ साली त्याचा एमआरआयसुद्धा प्रसिद्ध झाला. त्याला बोललेलं समजायचं, खुणा करायचा, आणि समोरच्याला नाहीच समजलं की इतका चिडायचा की तोंडातून एक शिवी मात्र स्पष्ट निघायची. हे वाचून मी अंथरुणात उठून बसले, कारण अण्णांचं अगदी हेच आहे, "सुमी" म्हणता येत नाही आणि शिवी येते ती स्वच्छ, जोडाक्षरासकट. पण विजू, मला त्या लबोर्नचा राग राग येतो, म्हणजे त्याचा नाही, सगळ्या प्रकरणाचा. मेंदूचा कोपरान् कोपरा मोजून झालाय, आणि तो खुणा करून काय सांगत होता ते मी वाचलं त्यात कुठेच नव्हतं.

पाढे पण येतात बरं का. बे एके बे सुरू करून दिलं की थेट वीसपर्यंत. मधेच थांबवून "बे पाचे किती" विचारलं की गप्प. आठवडा एका दमात म्हणतात पण आज कोणता वार ते सांगता येत नाही. पाठ असलेलं, सवयीचं, शिव्या, गाणी, हे वेगळ्या वाटेने येतं म्हणे, म्हणूनच चालीवर वाक्य म्हणायला शिकवून बोलणं परत आणायची एक पद्धत १९७३ पासून वापरात आहे. थेरपिस्ट ती करून घेतात, डाव्या हाताने टेबलावर ठेका धरायचा आणि "मला-पाणी-द्या" सुरात म्हणायचं. आई म्हणाली, उभ्या जन्मात सुरात गायले नाहीत, आता काय गाणार. गायले पण. बेसूर, पण वाक्य पूर्ण. आई स्वयंपाकघरात निघून गेली आणि बराच वेळ आली नाही.

आता आपलं जुनं भांडण. गच्चीवरचं. तू म्हणाली होतीस की सुमे, तू ऐकत नाहीस, तू फक्त तुझा नंबर लागायची वाट बघतेस. ते मला तेव्हा पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही, आणि आता माझ्याकडे पुरावा आहे. दहा वेगवेगळ्या भाषांमधली प्रश्नोत्तरं तपासून २००९ साली संशोधकांनी दाखवलं की प्रश्न संपून उत्तर सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. आणि नुसतं एका चित्राचं नाव डोक्यातून तोंडापर्यंत यायला सेकंदाच्या निम्म्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे हिशोब कर, समोरचा बोलत असतानाच प्रत्येक जण उत्तर जुळवायला घेतो, तू, मी, सगळे, नाहीतर गप्पाच झाल्या नसत्या. तर मी ऐकत होते आणि तयारीही करत होते, आणि तूही तेच करत होतीस. हे भांडण मी आज माझ्या बाजूने निकालात काढतेय.

पण अण्णांसमोर बसलं की हे काहीच उपयोगी पडत नाही. मी पुढचा शब्द ओळखून तयार बसले की माझा चेहरा तसा होतो आणि त्यांना ते दिसतं, आणि मग ते माझ्या चेहऱ्यावरचा शब्द शोधायला लागतात, स्वतःचा सोडून. थेरपिस्ट म्हणाल्या, विचारा आणि मनात दहापर्यंत मोजा. दहा म्हणजे किती मोठं असतं हे करून बघ एकदा. चारला आपला घसा खाकरतो, सहाला मान पुढे जाते. हे न करता नुसतं बसायचं, नजर हटवायची नाही, आणि डोक्यात त्यांच्यासाठी शब्द शिजवायचा नाही. मला जमतंय हळूहळू. गेल्या आठवड्यात आठ-नऊच्या आसपास कुठेतरी "पंखा" आलं. पंखा बंद करायचा होता. आई तोवर शाल घेऊन उभी होती, म्हणजे कळलं तिलाही होतं, पण शब्द त्यांचा होता ना गं.

आणि ते कार्ड! हे तुला सांगितलंच पाहिजे. चित्रांची कार्डं असतात, खाली नाव छापलेलं, थेरपिस्ट म्हणतात पाणी दाखवा, केळं दाखवा, आणि यांनी बोट ठेवायचं. अण्णा सगळ्यांवर बोट ठेवायचे आणि पाण्यावर नाही. दर वेळी. ग्लासाचं कार्ड आलं की तोंड फिरवायचे. वहीत त्याची फुली पडत होती. मी मागे बसलेले असायचे तर एकदा कार्ड हातात घेऊन बघितलं, तर खाली छापलेलं "पाणि". पहिली वेलांटी! मी पेन घेतलं, वेलांटी खोडली, दुसरी काढली आणि कार्ड परत टेबलावर ठेवलं, आणि त्यांनी ताबडतोब त्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे असं बघितलं ना विजू, ते जुनं बघणं, चष्म्याच्या वरून. थेरपिस्ट चांगली बाई आहे, ती फुली तिने खोडली आणि सगळी कार्डं तपासून द्याल का म्हणून अण्णांनाच विचारलं. आणखी एक चूक निघाली त्यात. सगळं काही असं वाचता येत नाही त्यांना, लांब वाक्य दिलं की हरवतात, पण छापलेली चूक टोचते अजून.

आता स्वप्नांचं, हे फक्त तुलाच सांगतेय. माझ्या स्वप्नात अण्णा बोलतात. भरभरून, पूर्वीसारखं, समोरच्याला बोलू न देता. काही विशेष नसतं, टाकीचा नळ कुणी उघडा टाकला वगैरे. मी स्वप्नात उत्तर देते, वाद घालते. आणि जाग आली की ते काय बोलले ते थोडं आठवतं, आवाज मात्र आठवत नाही. जुन्या फोनमध्ये त्यांचे व्हॉइस मेसेज आहेत, लावले की आवाज कळेल, पण मी लावत नाही. दादाने एकदा त्यांना ऐकवायला काढला होता, मी फोन हातातून घेतला. स्वतःचा रेकॉर्ड केलेला आवाज कुणालाही परकाच वाटतो, बोलताना आपण आपला आवाज हाडांमधूनही ऐकत असतो आणि रेकॉर्डिंगमध्ये तेवढा भाग नसतो. तसल्या परक्या आवाजात आपलंच घडाघडा बोलणं त्यांनी आत्ता ऐकायचं? मला नाही सहन होणार, त्यांचं माहीत नाही.

आणि त्यांच्या स्वप्नात काय होत असेल? झोपेत डोळे पापण्यांखाली भराभर फिरतात ती अवस्था १९५३ मध्ये शिकागोला झोपेवर काम करणाऱ्यांनी पहिल्यांदा नीट नोंदवली, ठळक स्वप्नं बरीचशी तेव्हाच पडतात, आणि त्या वेळी शरीराचे बहुतेक स्नायू ढिले पडलेले असतात, म्हणून स्वप्नात पळालो तरी पाय हलत नाहीत. पहाटेकडे ही अवस्था लांबत जाते. मी पहाटे त्यांच्या खोलीत जाते, औषधासाठी म्हणून, आणि त्यांचे डोळे फिरताना दिसतात. ओठ बंद असतात. आत ते बोलत असतील का, की तिथेही शब्द अडतो? एकदा विचारलं, अण्णा, स्वप्नात बोलता येतं? मी दहा नाही, चांगली वीसपर्यंत मोजत बसले. हो म्हणाले. मग नाही म्हणाले. मग परत हो. आणि मान झटकली नाही, कशालाच नाही. कदाचित तिन्ही खरं असेल, एखाद्या रात्री येत असेल. मी हे डॉक्टरांना विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही.

म्हणून मी स्वप्नं लिहायला लागले. तू कधीपासून मागे लागली होतीस ना, लिही लिही म्हणून. उशाशी वही ठेवते. पहिले काही दिवस छान वाक्यं करून लिहायला गेले, "मी अंगणात उभी होते आणि अण्णा मला म्हणाले", आणि दुसऱ्या ओळीला स्वप्न गायब, उरलेलं मी रचलेलं, ते वाचताना कळतंच. मग एका पहाटे अण्णा बोलतात तसं लिहून पाहिलं. त्यांच्या बोलण्यात सध्या नुसती नावं असतात, क्रियापदं नसतात, जोडणारं काही नसतं. तसंच लिहिलं, "अंगण. बादली. अण्णा. ओलं. चप्पल कुणाची." बस. दुपारी ते पान उघडलं तर सगळं परत आलं, पायाखालचा गारवासुद्धा. मी त्या पानाकडे बघत बसले. त्यांचं तुटक बोलणं मला इतके दिवस पडझड वाटत होतं, आणि बघ, सगळा ऐवज त्यात होता, मी फक्त मधले सांधे मागत होते. तेव्हापासून त्यांच्या तोंडून जे सुटं सुटं निघतं ते मी तारीख टाकून तसंच लिहून ठेवते, वाक्य न करता. दादा म्हणतो याचा उपयोग काय. उपयोग हाच की उद्या कुणी म्हणालं अण्णांना अमुक म्हणायचं होतं, तर त्यांनी प्रत्यक्षात काय म्हटलं ते एका जागी असेल.

आता कारण सांगते, "विजू" का ते. त्या वहीत मागे एका पानावर आहे, "लाल. मुलगी. गोष्ट. चांगली." मला तेव्हा काही लागलं नव्हतं. काल रात्री पानं उलटताना लागलं. तू नववीत असताना त्यांना गोष्ट वाचायला दिली होतीस, आणि त्यांनी ती प्रुफासारखी लाल करून परत दिली, समासात खुणाच खुणा, आणि तू सबंध सुट्टी आमच्याकडे फिरकली नाहीस. आणि पुन्हा त्यांना काही दाखवलं नाहीस. तुला एक माहीत नाही, कारण तू तो विषयच काढू द्यायची नाहीस. ते तेव्हा आईला म्हणाले होते, चांगली होती म्हणून तर एवढी लाल केली, वाईट असती तर सही करून दिली असती. आणि नंतर कितीतरी वर्षं, तुझा फोन आला की मला विचारायचे, विजी लिहिते का अजून? मी म्हणायचे तुम्हीच विचारा. तेवढं काही त्यांनी विचारलं नाही.

तुझं कसंय? प्रमोशन झालं ते कळलं, अभिनंदन, पार्टी घेणार आहे सोडत नाही. सासूबाईंचं मोतीबिंदू नीट झालं ना? ओजसला सांग दहावी म्हणजे जगबुडी नव्हे. नवीन घराचे फोटो पाहिले, बाल्कनी मस्त.

तर तू एक कर. रविवारी व्हिडिओ कॉल कर, नुसता फोन नको, त्यांना चेहरा दिसला की समजायला सोपं जातं. सकाळी दहाच्या आत कर, नंतर दमतात. विजू बोलतेय असं सांग, एकच छोटा प्रश्न विचार आणि गप्प बस. मोठ्याने बोलू नकोस, कान उत्तम आहेत. लहान बाळाशी बोलतात तसं अजिबात नको, परवा एका पाहुण्याने "आमचे अण्णा कसे आहेत, शहाणे आहेत" केलं तर पेन फेकलं त्यांनी. आई मधे उत्तर द्यायला आली तर मी तिला घेऊन आत जाईन, तू थांबून राहा. कितीही वेळ लागू दे, तू आधी बोलायचं नाहीस. हे तुला जड जाणार आहे, मला माहितेय.

आणि ती गोष्ट. तू काही टाकून देत नाहीस, असेलच कुठेतरी लाल पानांसकट. फोटो काढून पाठव, मी मोठ्या अक्षरात प्रिंट काढते. दादाला मी सांगून ठेवलंय की रविवारचा कॉल होईपर्यंत घराचं नाव काढायचं नाही, आणि तो हो म्हणालाय, त्याचं हो म्हणजे हो असतं.

तुझी,
सुमी